‘व्यवसाय’च्या रकान्यात काय लिहायचं?

परवा विमा एजंट घरी आले होते. आमच्या ह्यांच्या ओळखीतले. आयुर्विम्याचे हप्ते वर्षानुवर्षं त्यांच्याच हातून भरलेले, त्यामुळे आधी चहा झाला, पोहे झाले, हायवेच्या खड्ड्यांवर बोलून झालं आणि मग त्यांनी बॅगेतून आरोग्य विम्याचा फॉर्म काढला. नाव विचारलं, जन्मतारीख विचारली. पुढचा ‘व्यवसाय’ हा रकाना मात्र न विचारताच भरून टाकला. गृहिणी!

मी म्हटलं, "भाऊ, मी नोकरी करते."

"हो ताई, पण ती चार तासांची. ती कुठे धरायची?"

हे पेपरात डोकं घालून बसले होते. मान वर केली नाही, पण हसले. ते हसणं मला लागलं.

मी पेणमधल्या एका शाळेच्या ग्रंथालयात गेली सहा वर्षं दुपारी १ ते ५ काम करते. पुस्तकं देणं-घेणं, रजिस्टर लिहिणं, फाटलेल्या पुस्तकांना चिकटपट्ट्या लावणं, आणि एखाद्या बाई आल्या नाहीत की त्यांचा वर्ग सांभाळणं. महिन्याला ६ हजार रुपये मानधन. उरलेल्या वेळात बचत गटांची कामं, त्याचे पैसे मिळत नाहीत आणि मी मागतही नाही. गृहिणी म्हणवून घ्यायची मला अजिबात लाज नाही, पहाटे साडेपाचपासून रात्री दहापर्यंत मी तीच असते. पण जे काम करते ते कागदावर का येऊ नये? फॉर्म भरायला मी बसले होते, पैसे माझ्या मानधनातून जाणार होते, आणि उत्तरं मात्र दुसरंच कुणी देत होतं. पुढे जे झालं ते पाहता हा रकाना म्हणजे नुसती सुरुवात होती.

आधी हे सांगते की वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मला हा विमा शोधायची वेळ का आली. आमचे हे रोह्याला धाटावच्या एका कारखान्यात होते. रोज पेण-रोहा, पेण-रोहा. कंपनीने सगळ्यांचा मिळून विमा काढलेला होता, त्यात बायको-मुलंही होती. धाकट्याचं अपेंडिक्सचं ऑपरेशन त्यातच झालं, आम्हाला एक पैसा भरावा लागला नाही. दोन वर्षांपूर्वी ह्यांनी नोकरी सोडली आणि त्याच दिवशी तो विमाही संपला. ते आमच्या लक्षात आलं कधी? तर आठ महिन्यांनी, मला चक्कर येऊन पडल्यावर. म्हणजे इतकी वर्षं माझी तब्येत ह्यांच्या नोकरीला बांधलेली होती. नोकरी सुटली आणि गाठ सुटली.

इथे एक गोष्ट आवर्जून लिहिते, कारण ती आम्हाला कुणी सांगितली नाही. कंपनीच्या गट विम्यातून बाहेर पडताना त्याच विमा कंपनीची वैयक्तिक पॉलिसी घेण्याची सोय असते, आणि गटात घालवलेली वर्षं नव्या पॉलिसीच्या प्रतीक्षा काळातून वजा होतात. विमा कंपनी तुमची तब्येत पाहून मगच हो म्हणते, पण अर्ज करता येतो. मात्र तो वेळेत, विमा चालू असतानाच करावा लागतो. तुमच्या घरात कुणी निवृत्त होणार असेल, किंवा कंत्राट संपणार असेल, तर निरोप समारंभाच्या आधी हे विचारा. नारळ आणि शाल काय, नंतरही मिळेल.

तर मी विमा शोधायला लागले. शोधायला लागल्यावर कळलं की माझ्यासारख्या किती आहेत! पेणच्या पापडाचं एवढं नाव आहे, पण ते पापड लाटणाऱ्या हातांना किलोवर पैसे मिळतात. गणपतीच्या कारखान्यांत सीझनला रंगकामाला, पॅकिंगला जाणाऱ्या बायका आहेत, बालवाडीच्या बाई आहेत, डॉक्टरांच्या दवाखान्यात संध्याकाळी नंबर लावणारी मुलगी आहे, पतसंस्थेची दैनंदिन ठेव गोळा करणाऱ्या आहेत. सगळ्यांचं काम अर्धवेळ. पगार अर्धा, रजा नाही, फंड नाही. आजार मात्र अर्धवेळ येत नाही.

आता पुन्हा त्या फॉर्मकडे. व्यवसाय मी खोडून ‘अर्धवेळ ग्रंथालय सहायक’ असं लिहायला लावलं. मग आले तब्येतीचे प्रश्न. मधुमेह आहे का, रक्तदाब आहे का, कसली गोळी चालू आहे का. एजंटभाऊ भराभर ‘नाही, नाही, नाही’ अशा खुणा करत चालले.

"थांबा, मला बीपीची गोळी आहे. चार वर्षं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "ताई, एकच गोळी ना? ते नाही लिहायचं. लिहिलं की कंपनी हप्ता वाढवते, नाहीतर फॉर्मच परत पाठवते. बीपी काय, आजकाल सगळ्यांनाच आहे."

आणि या वेळी मात्र आमच्या ह्यांनी पेपर खाली ठेवला. "ते म्हणतायत तर कशाला लिहितेस? त्यांना अनुभव आहे."

मी गप्प बसले नाही, त्याला कारण आहे. आमच्या गटात बालवाडीच्या एक बाई आहेत. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठ्या. त्यांनी स्वतःच्या मानधनातून, घरात कुणाला न विचारता, पॉलिसी घेतली होती. आम्हाला सगळ्यांना त्यांचं किती कौतुक! त्यांच्या एजंटनेही असंच ‘नाही’ लिहिलं होतं. बाईंनी सही केली, कारण फॉर्म इंग्रजीत होता आणि सह्यांच्या जागी पेन्सिलीने फुल्या केलेल्या होत्या. दीड वर्षाने एका सकाळी त्यांचं तोंड वाकडं झालं, उजवा हात उचलेना. पेणहून पनवेलच्या पुढे हलवलं. ऑपरेशन नाही झालं, पण अतिदक्षता विभाग, तपासण्या, औषधं मिळून २ लाख ७० हजारांचं बिल झालं. दाखल करताना डॉक्टरांनी विचारलं, बीपी कधीपासून? मुलाने खरं ते सांगितलं, पाच वर्षं. डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं. विमा कंपनीने तो केसपेपर मागवला, फॉर्मशेजारी ठेवला आणि दावा नाकारला. आजार लपवला म्हणून.

आम्ही दोघी-तिघींनी मिळून कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर आलं, त्यासोबत त्याच फॉर्मची झेरॉक्स. खाली बाईंची सही. एजंट म्हणाला, मी विचारलं होतं, त्याच नाही म्हणाल्या. आता यावर काय बोलणार? बिल भरायला मुलाने पतसंस्थेचं कर्ज काढलं आणि बाईंच्या बांगड्या गेल्या. बाई आता काठी घेऊन चालतात. भेटल्या की एकच म्हणतात, "मी खोटं बोलले नव्हते हो, मला विचारलंच नव्हतं."

एजंटभाऊंना मी हे सगळं सांगितलं. त्यांचं म्हणणं, "अहो, पाच वर्षं ढकला, मग कंपनी काही करू शकत नाही." यातही अर्धंच सत्य आहे. २०२४ पासूनचा नियम असा की पॉलिसी सलग ६० महिने चालू राहिली की माहिती दिली नाही म्हणून कंपनीला दावा नाकारता येत नाही. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती. पण फसवणूक सिद्ध झाली तर हे संरक्षण नाही. आणि ती पाच वर्षं काय देवावर हवाला ठेवून काढायची? दर महिन्याला हप्ता भरायचा आणि आजारी पडू नको म्हणून स्वतःलाच बजावायचं, याला विमा म्हणत नाहीत.

खरं लिहिलं तर काय होतं तेही ऐका. ज्या आजाराची नोंद तुम्ही केलीत त्यासाठी प्रतीक्षा काळ असतो. २०२४ च्या एप्रिलपासून तो जास्तीत जास्त तीन वर्षांचा आहे, आधी चार होता. म्हणजे बीपीमुळे काही झालं तर तीन वर्षं पैसे मिळणार नाहीत. पण पाय मोडला, डेंग्यू झाला, तर ते मिळतात. अपघाताचे पहिल्या दिवसापासून, बाकी आजारांचे ३० दिवसांनंतर. माझा फॉर्म खरा लिहून गेला. कंपनीने तपासणीला बोलावलं, रक्त घेतलं, पट्टी काढली आणि हप्ता वाढवून कळवला. ९ हजार २०० होता तो १० हजार ५८० झाला. माझं जवळजवळ पावणेदोन महिन्यांचं मानधन! खरं सांगते, आकडा पाहून पोटात गोळा आला. ह्यांनी ‘मी सांगत होतो ना’ असं तोंडाने म्हटलं नाही, पण दोन दिवस घरात तेच वाजत होतं. एक दिलासा म्हणजे २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी काढून टाकलाय. त्याआधी याच हप्त्यावर १८ टक्के, म्हणजे १ हजार ९०० रुपये आणखी भरावे लागले असते.

मी घेतली. महिन्याला ९०० रुपये बाजूला टाकते.

आपल्या घरांतून या विम्याला एवढा विरोध का, यावर मी बराच विचार केलाय. रोह्याशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे ते चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९५२ साली तेव्हाच्या आपल्या कुलाबा जिल्ह्यातूनच लोकसभेवर निवडून गेले होते. ते अर्थमंत्री असताना, १९ जानेवारी १९५६ रोजी आयुर्विम्याचा धंदा सरकारने ताब्यात घेतल्याचं त्यांनी रेडिओवरून जाहीर केलं. लहान-मोठ्या २४५ कंपन्या आणि सोसायट्या एकत्र होऊन १ सप्टेंबरला एलआयसी सुरू झाली. तोवर मुंबईच्या प्रश्नावर देशमुखांनी राजीनामाही दिला होता! तेव्हापासून आपल्या आजोबा-वडिलांच्या पिढीने विमा म्हणजे एलआयसी, आणि विमा म्हणजे मुदत संपली की परत मिळणारी रक्कम, हे गणित घट्ट धरलं. त्यातून मुलींची लग्नं झाली, घरांवर पत्रे गेले स्लॅब आले. मेडिक्लेम आला तो पार १९८६ मध्ये, आणि तोही बराच काळ शहरातल्या नोकरदारांपुरता राहिला. म्हणून आजही घरात पहिला प्रश्न येतो, काही झालं नाही तर पैसे परत मिळतात का? नाही मिळत. गॅसच्या शेगडीखाली आग लागली नाही म्हणून सिलिंडरवाल्याकडे विम्याचे पैसे मागतो का आपण?

पेणच्या लोकांचं तर मी समजू शकते. २०१० साली पेण अर्बन बँक बुडाली, किती घरांच्या ठेवी अडकल्या. ‘पैसे भरा आणि विश्वास ठेवा’ असं कुणी म्हटलं की पेणकर माणूस दोन पावलं मागेच जातो. त्यात चूक काही नाही. पण मग अविश्वासाने निदान कागद तरी वाचावा! आम्ही कागद वाचत नाही आणि विश्वासही ठेवत नाही.

तो कागद वाचताना मी जिथे अडकले ते एकच सांगते, कारण त्यात सगळ्यात जास्त बायका फसतात. खोलीभाडं. समजा तुमची पॉलिसी २ लाखांची आहे आणि त्यात लिहिलंय, खोलीभाडं दिवसाला विम्याच्या रकमेच्या २ टक्के. म्हणजे ४ हजार. हॉस्पिटलमध्ये घरचे म्हणतात, आई आहे, जरा चांगली खोली घेऊ, आणि ८ हजारांची घेतात. चार दिवस राहिलात. आपल्याला वाटतं वरचे चार-चार हजार, म्हणजे १६ हजार आपण भरू, बाकी कंपनी देईल. तसं होत नाही. तुम्ही हक्काच्या दुप्पट भाड्याची खोली घेतलीत, म्हणून डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटरचा खर्च, नर्सिंग, हे सगळं कंपनी निम्मंच धरते. औषधं आणि तपासण्यांना ही कात्री नाही. पण फी वगैरे ८० हजार असेल तर ४० हजार तुमचे गेले. अधिक ते १६. छप्पन्न हजार रुपये, नुसत्या खिडकीवाल्या खोलीसाठी! मला हे कळायला तीन वेळा कागद-पेन्सिल घ्यावी लागली. शेवटी आमच्या शाळेच्या गणिताच्या बाईंनी वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवलं.

‘आरोग्य संजीवनी’ नावाची एक साधी पॉलिसी आहे. २०२० च्या एप्रिलमध्ये ती आली, ऐन लॉकडाऊनमध्ये, म्हणून कुणाच्या फारशी लक्षात राहिली नाही. कंपनी कुठलीही असो, आतल्या अटी सारख्या, त्यामुळे आपल्यासारखीला तुलना करायला सोपी. फक्त हप्ता आणि कंपनीची सेवा पाहायची. त्यात खोलीभाडं २ टक्के, पण ५ हजारांच्या वर नाही, आणि प्रत्येक दाव्यात ५ टक्के आपण भरायचे. हर्निया, मोतीबिंदू, पित्ताशयातले खडे, आणि आपल्या वयाच्या बायकांना नेमकं जे लागतं ते गर्भपिशवीचं ऑपरेशन, यांना दोन वर्षं थांबावं लागतं. म्हणून ‘पाहू पुढे, त्रास सुरू झाला की घेऊ’ हे चालत नाही. त्रास सुरू झाल्यावर दोन वर्षं कोण थांबणार? मी स्वतः अखेर ही घेतली नाही, दुसरी घेतली, कारण मला खोलीभाड्याची भानगड नको होती. पण तुलनेला आधी हीच समोर ठेवली, आणि सगळ्यांना हेच विचारलं की यापेक्षा तुमच्यात काय जास्त आहे? निम्मे लोक त्या प्रश्नालाच गडबडले.

फोनवरून पॉलिसी विकणाऱ्या मुलींना मी नम्रपणे नाही म्हणते. बिचाऱ्या त्याही बहुधा अर्धवेळच असतील. पण त्या ‘सगळं कव्हर आहे मॅडम’ म्हणतात ते कुठे लिहिलेलं नसतं. आणि एक विचाराच. कॅशलेस कुठे कुठे आहे, पेण, अलिबाग, पनवेल या गावांची नावं घेऊन विचारा. मुंबईतल्या चकचकीत हॉस्पिटलांची यादी घेऊन आपल्याला काय करायचंय? रात्री दोन वाजता गाडी कुठे जाणार, ते आधी ठरवा.

आता जिला हे परवडतच नाही तिचं काय? पापड लाटणाऱ्या माझ्या मैत्रिणींना मी १० हजारांचा हप्ता भरा असं सांगणार नाही. उसने काढून तर मुळीच नाही. त्यांनी आधी रेशनकार्ड बाहेर काढावं. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना २०१२ च्या जुलैत वेगळ्या नावाने सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपला रायगड होता. तेव्हा दीड लाखाची मर्यादा होती आणि पांढरं कार्ड चालत नव्हतं. २०२४ च्या जुलैपासून ती कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत झाली आणि पांढऱ्या कार्डवाल्यांनाही लागू झाली. पण अजून कितीतरी घरांत ‘आम्ही पांढरे, आम्हाला काही मिळत नाही’ असं ऐकते. मिळतं! ठरावीक हॉस्पिटलांत आणि ठरावीक उपचारांच्या यादीपुरतं मिळतं, हे मात्र खरं. तिथे ‘आरोग्यमित्र’ म्हणून माणूस बसलेला असतो, दाखल झाल्याबरोबर त्याला गाठायचं, रेशनकार्ड आणि ओळखपत्र दाखवायचं. डिस्चार्जच्या दिवशी जाऊन उपयोग नाही. आमच्या बालवाडीच्या बाईंना घाईत जिथे नेलं ते हॉस्पिटल या योजनेत नव्हतं. जवळचं योजनेतलं हॉस्पिटल कुठलं, हे आम्हा कुणालाच त्या सकाळी माहीत नव्हतं. मी समाजकार्य करते म्हणवते, मलाही नव्हतं.

घरात सत्तरीच्या पुढची सासू किंवा आई असेल तर २०२४ च्या ऑक्टोबरपासून केंद्राच्या आयुष्मान योजनेत त्यांना उत्पन्नाची अट नाही. आधार कार्डावर नोंदणी होते. माझ्या सासूबाईंची केली. त्या म्हणतात, "मला काही धाड भरत नाही, तुझं बघ."

आणि आमच्या शाळेचं, पतसंस्थांचं, दवाखान्यांचं काय? हा माझा खरा राग आहे. दहा-दहा, बारा-बारा बायका अर्धवेळ राबवायच्या, हळदीकुंकवाला स्टीलचा डबा द्यायचा, आणि आजारी पडली की ‘बाई, तुमच्या जागी दुसरी बघू का?’ कारखान्यांत कामगार राज्य विमा आहे. महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्याच्या पगारातून पाऊण टक्का कापतात आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. धाटावला ठेकेदाराकडे जाणाऱ्या बायकांनी आपलं नाव त्यात आहे का, हे विचारलंच पाहिजे. पण जिथे तो लागू नाही तिथे? संस्थेने सगळ्यांचा गट विमा काढावा, निम्मा हप्ता आम्ही देऊ, असं पत्र मी आमच्या संस्थेला दिलंय. अध्यक्ष भेटले तेव्हा म्हणाले, "बाई, तुमच्या घरी तर सगळं व्यवस्थित आहे, तुम्हाला कशाला?" म्हणजे पुन्हा तेच. मी चार तास त्यांच्याकडे काम करते, पण माझी जबाबदारी माझ्या नवऱ्याची! पत्राला अजून लेखी उत्तर नाही. मी दर महिन्याच्या एक तारखेला आठवण करते.

गेल्या रविवारी दिवा-रोहा गाडीने माहेरी गेले होते. माझी वहिनी रोह्यात घरीच शिकवण्या घेते, संध्याकाळी दोन बॅच. भावाचं किराणा दुकान. विमा कुणाचाच नाही. माझी पॉलिसी मी मुद्दाम बरोबर नेली होती, तिला दाखवायला. पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांत नको वाटली तर परत करता येते, म्हणून आधी सगळी नीट वाचायची होती, आणि दोघींनी मिळून वाचली तर अर्थ लवकर लागतो. तिला गेल्या वर्षी थायरॉइड निघालं. तिने आधीच एक फॉर्म आणून ठेवलेला होता, मराठीतला. बँकेतल्या माणसाने तिला दिलेला दुसरा कागद तिने दाखवला, तो आरोग्य विम्याचा नव्हताच, पैसे गुंतवायचा होता. तो बाजूला ठेवला.

"वन्सं, थायरॉइडचं लिहू?"

"लिही. गोळीचं नावही लिही."

दादा दुकानातून जेवायला आला होता. त्याने विचारलं, कसला फॉर्म? मग अर्धा तास तो आणि मी. पैसे परत मिळतात का, इथपासून सुरुवात. वहिनी तोवर आतल्या खोलीत गेली नाही, तिथेच बसून राहिली. दादाने शेवटी ‘बघू’ म्हटलं. त्याचं ‘बघू’ मला लहानपणापासून माहीत आहे. म्हणून जाताना मी वहिनीला म्हटलं, हप्ता तुझ्या शिकवण्यांच्या पैशातून जाणार आहे ना, मग तू ठरव. पैसे देताना रोख कुणाच्या हातात देऊ नको, तुझ्या खात्यातून जाऊ दे आणि पावती ठेव. कंपनीने पुढे कधी त्रास दिला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची, तीस दिवसांत दाद लागली नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं, त्याला फी नाही, वकील लागत नाही.

फॉर्म तिने अर्धा भरला आहे. ‘व्यवसाय’पाशी थांबली होती. मी काही सुचवलं नाही. येत्या शनिवारी तिच्या बॅचला सुट्टी आहे, तेव्हा ती पेणला येणार आहे.